कामप्रेरणेचे अवलंबन

मानवी कामवासना ही जन्मतःच स्वतंत्र व परिपूर्ण अशी नसते. ती शैशवातील अन्नग्रहणासारख्या आत्मरक्षणाच्या क्रियांना टेकून उदय पावते व पुढे त्यांच्यापासून विलग होते, असे प्रतिपादन करणारी मनोविश्लेषणातील एक संकल्पना. व्हिएन्ना येथील वैद्य व मनोविश्लेषणाचा प्रवर्तक झिग्मुंट फ्रॉइड (६ मे १८५६–२३ सप्टेंबर १९३९) याने ती मांडली. अबोध मन, निरोधन, ईडिपस गंड या फ्रॉइडच्या संज्ञा मराठी वाचकांच्या परिचयाच्या आहेत. त्या मानाने ही संज्ञा उपेक्षित राहिली. वस्तुतः कामवासना येते कोठून, या प्रश्नाला फ्रॉइडने दिलेले उत्तर तीत सामावलेले आहे. कामवासना ही भुकेसारखीच एक शारीरिक गरज आहे, की भुकेच्या आश्रयाने जन्मूनही ती भुकेहून भिन्न आहे, हा या संकल्पनेच्या मुळाशी असलेला प्रश्न होय. भारतीय परंपरेत तो प्राचीन काळापासून चर्चिला गेला आणि विसाव्या शतकातील महाराष्ट्रात कामवासनेविषयी जे विचारमंथन झाले, त्याच्याही मुळाशी तो होता.

संज्ञेचा इतिहास : फ्रॉइडने योजलेला ‘आनलेनुंग’ हा शब्द नित्य व्यवहारातील जर्मन शब्द असून त्याचा अर्थ ‘टेकणे, आधार घेणे’ असा आहे. इंग्रजी भाषांतरकारांनी मात्र साध्या शब्दाऐवजी ग्रीक धातूपासून ‘ॲनाक्लिटिक’ हे विशेषण घडविले व त्यापासून ‘ॲनाक्लिसिस’ हे नाम रूढ झाले. हे विशेषण घडविताना व्याकरणातील एका संज्ञेचे साम्य भाषांतरकारांच्या डोळ्यांसमोर होते. काही अव्यये वाक्यात स्वतंत्रपणे उभी राहू शकत नाहीत, ती आधीच्या शब्दाला टेकूनच येतात. मराठीतील ‘मीच’, ‘तोही’ या शब्दांतील ‘च’ व ‘ही’ या अव्ययांवरून ही कल्पना चांगली स्पष्ट होते. तथापि ग्रीक वळणाच्या या शब्दामुळे मूळ कल्पनेतील सहजता हरपली व ती काहीशी दुर्बोध झाली. १९६७ मध्ये झां लाप्लांश (१९२४–२०१२) व झां-बेरत्रां पोंतालिस (१९२४–२०१३) या फ्रेंच विद्वानांनी आपल्या मनोविश्लेषणाच्या शब्दकोशात तिचे महत्त्व पुन्हा प्रस्थापित केले. तिच्यासाठी त्यांनी स्वीकारलेला ‘एतेयाज’ हा शब्द बांधकामातील असून तो आपल्याकडील ‘टेकू’ या शब्दाच्या अगदी जवळचा आहे. मराठीत ‘आलंबन’ हा शब्दही सुचण्यासारखा आहे. परंतु ज्या व्यक्तीच्या ठायी भाव जडतो तिला रसशास्त्रात ‘आलंबन विभाव’ म्हणतात. येथे अभिप्रेत आहे तो वासनेचा विषय नसून तिच्या उदयाचा आधार होय. त्यामुळे प्रस्तुत लेखात ‘अवलंबन’ हा पर्याय वापरला आहे.

भारतीय पूर्वपीठिका : कामाच्या उगमाविषयीची भारतीय दृष्टी कामदेवाच्या नावांतच प्रतिबिंबित झालेली आहे. ‘मनसिज’ व ‘मनोभव’ ही नावे काम मनात जन्मतो असे सुचवितात. ‘अनंग’ या नावाने तो देहरहित ठरतो. तर ‘स्मर’ हे नाव त्याचा संबंध स्मृतीशी जोडते. भगवद्‌गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनातून आसक्ती व आसक्तीतून काम उत्पन्न होतो, असा क्रम सांगितला आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रा त दोन वेगळी सूत्रे आढळतात. एकीकडे, आत्म्याशी संयुक्त अशा मनाने अधिष्ठित झालेल्या इंद्रियांची आपापल्या विषयांकडे होणारी अनुकूल प्रवृत्ती म्हणजे काम, अशी व्याख्या तेथे केली आहे. दुसरीकडे, कामाचे सेवन करू नये असे म्हणणाऱ्यांना उत्तर देताना, शरीराच्या स्थितीला कारण होत असल्यामुळे काम हा आहारासारखाच आहे, असे वात्स्यायनाने म्हटले आहे. काम मनातून उद्‌भवतो आणि काम अन्नासारखा आहे, हे दोन्ही विचार अशा रीतीने एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

मराठी प्रदेशात या विषयाचा विचार करताना गोदाकाठच्या पैठण-बिडकीन परिसराचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सातवाहनांची राजधानी असलेल्या प्रतिष्ठान, म्हणजेच पैठण (जि. छत्रपती संभाजीनगर) या नगरीशी निगडित असलेली व हाल राजाने संकलित केलेली मानली जाणारी गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. शेतकरी, वाटसरू, गृहिणी अशा सामान्य स्त्रीपुरुषांचे अनुराग तिच्यात निःसंकोचपणे वर्णिले आहेत. तिच्यात कामाची मीमांसा नाही. मात्र दृष्टिक्षेप, आठवण आणि विरह यांतून काम कसा जागा होतो, याचे सूक्ष्म निरीक्षण आहे. पुढे त्याच पैठणच्या संत एकनाथांनी (१५३३–९९) १५७३ मध्ये पूर्ण केलेल्या एकनाथी भागवता त हा प्रश्न विरक्तीच्या अंगाने हाताळला. भागवताच्या अकराव्या स्कंधातील सव्विसाव्या अध्यायात, उर्वशीच्या वियोगाने व्याकूळ झालेल्या व नंतर विरक्त झालेल्या पुरूरव्याचे आत्मकथन येते. इंद्रिये व विषय यांच्या संयोगानेच मन क्षुब्ध होते. जे कधी पाहिले वा ऐकले नाही, त्याविषयी भाव उत्पन्न होत नाही, असे तेथील मूळ प्रतिपादन आहे. त्यावरील विस्तृत मराठी विवरणामुळे वासनेच्या उगमाची चर्चा संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली. वासना पूर्वीच्या अनुभवातून उद्‌भवते, हा या मीमांसेतील मुद्दा फ्रॉइडच्या विवेचनाशी तुलना करण्याजोगा आहे. दोहोंची प्रयोजने मात्र भिन्न आहेत : एकाचे प्रयोजन वासनेतून मुक्ती हे, तर दुसऱ्याचे वासनेचे आकलन व मनोविकारांवर उपचार हे होय.

फ्रॉइडची उपपत्ती : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपीय वैद्यकात कामवासना ही प्रजोत्पादनासाठी निसर्गाने दिलेली सहजप्रेरणा असून ती यौवनारंभी जागी होते, असे सामान्यतः मानले जाई. या चौकटीत न बसणारे सर्व वर्तन विकृती म्हणून गणले जाई. रिखार्ट फोन क्राफ्ट-एबिंग याचा १८८६ मधील प्रसिद्ध ग्रंथ याच दृष्टीने लिहिलेला आहे. आल्बेर्ट मोल (१८६२–१९३९) याने १८९७ मध्ये ‘लिबिडो’ या संज्ञेखाली कामप्रेरणेचे तिच्या घटकांत पृथक्करण केले व हॅवलॉक एलिस (१८५९–१९३९) याने तिच्या विविध आविष्कारांची निरीक्षणे अनेक खंडांत संगृहीत केली. बालकांच्या अंगठा चोखण्याच्या सवयीविषयी लिंडनर या हंगेरियन बालवैद्याने १८७९ मध्येच एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. या सामग्रीचा उपयोग करून फ्रॉइडने १९०५ मध्ये लैंगिकतेविषयीचे तीन निबंध प्रसिद्ध केले.

या ग्रंथाचा आरंभच भुकेच्या उपमेने होतो. पोषणाच्या प्रेरणेला ‘भूक’ हा शब्द आहे. कामप्रेरणेला मात्र व्यवहारात तसा समर्पक शब्द नाही, म्हणून शास्त्र ‘लिबिडो’ ही संज्ञा वापरते, असे फ्रॉइड सांगतो. परंतु पुढील विवेचनात त्याने या उपमेच्या मर्यादाच दाखवून दिल्या आहेत. भुकेचा विषय निश्चित असतो : अन्न. कामप्रेरणेचा विषय तसा निसर्गतः निश्चित नसतो. प्रेरणा आणि तिचा विषय यांचा सांधा नंतर जुळतो, असे त्याने पहिल्या निबंधात प्रतिपादिले.

दुसऱ्या निबंधात या सांध्याच्या आधीची अवस्था वर्णिली आहे. अर्भक दूध पिते ते भूक भागविण्यासाठी. पण ते पिताना ओठांना व मुखाला जो सुखद स्पर्श होतो, तो भूक शमण्याच्या समाधानाहून वेगळा असतो. सुरुवातीला ही दोन सुखे एकत्र असतात. नंतर पोट भरलेले असतानाही मूल अंगठा चोखू लागते. येथे पोषणाचे प्रयोजन राहिलेले नसते. केवळ त्या सुखाची पुनरावृत्ती हवी असते. अशा रीतीने आत्मरक्षणाच्या क्रियेला टेकून उत्पन्न झालेले सुख तिच्यापासून सुटून स्वतंत्र होते. या सुटण्याच्या क्षणी बाह्य विषय दुरावतो व मूल स्वतःच्याच देहाकडे वळते. या अवस्थेला फ्रॉइडने एलिसची संज्ञा घेऊन ‘स्वयंरती’ म्हटले आहे. १९१५ च्या आवृत्तीत भर घालून त्याने शैशवातील लैंगिकतेचे अवलंबन हे एक प्रमुख लक्षण म्हणून नमूद केले. येथे ‘लैंगिक’ हा शब्द प्रौढांच्या संभोगाच्या अर्थाने वापरलेला नसून देहाच्या विविध क्षेत्रांतून मिळणाऱ्या, गरजेपलीकडील सुखाच्या व्यापक अर्थाने वापरलेला आहे, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. या अर्थभेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच फ्रॉइडविषयी पुष्कळ गैरसमज पसरले.

१९१४ मध्ये आत्मप्रेमाविषयीच्या निबंधात फ्रॉइडने ही कल्पना प्रेमविषयाच्या निवडीला लावली. काही व्यक्ती आपल्याला अन्न देणाऱ्या, जपणाऱ्या आद्य व्यक्तींच्या नमुन्यावर प्रेमविषय निवडतात. काही स्वतःच्या प्रतिमेवरून निवडतात. यांपैकी पहिल्या प्रकाराला अवलंबनात्मक निवड म्हणतात. विषय सापडणे म्हणजे वस्तुतः तो पुन्हा सापडणे होय, हे फ्रॉइडचे प्रतिपादन याच विचारातून आले आहे. प्रेमात स्मृतीचा हा वाटा पाहता, कामाला ‘स्मर’ म्हणणाऱ्या भारतीय परंपरेचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. १९२० नंतर फ्रॉइडने आत्मरक्षण व काम या दोन्ही प्रेरणा ‘ईरॉस’ या एकाच जीवनप्रेरणेत समाविष्ट केल्या. ज्याला टेकायचे व जे टेकते, त्यांतील भेदच त्यामुळे पुसट झाला आणि अवलंबनाची कल्पना मागे पडली.

भारतातील मनोविश्लेषण : भारतात या शास्त्राचा पाया गिरींद्रशेखर बोस (१८८७–१९५३) यांनी कलकत्ता येथे घातला. निरोधनाच्या संकल्पनेवरील त्यांचा प्रबंध १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला व १९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. परंतु वासनेच्या स्वरूपाविषयी त्यांनी स्वतंत्र उपपत्ती मांडली. प्रत्येक इच्छेबरोबर तिची विरुद्ध इच्छाही मनात वसते व त्यांपैकी एक अबोधात दडपली जाते, असे त्यांचे मत होते. पुरुषाच्या मनात स्त्री होण्याची इच्छाही असते व आपल्या भारतीय रुग्णांत ती यूरोपीयांपेक्षा अधिक सहजपणे प्रकट होते, असे निरीक्षण त्यांनी १९२९ मध्ये फ्रॉइडला कळविले. फ्रॉइडच्या उपपत्तीत वासना देहाच्या गरजेला टेकते; बोस यांच्या उपपत्तीत ती आपल्याच प्रतिपक्षी इच्छेशी जोडलेली असते, असे म्हणता येईल. मुंबईत मनोविश्लेषणाला चालना मिळाली ती इटलीतील वंशभेदी कायद्यांमुळे देशत्याग करून तेथे आलेल्या एमील्यो सेर्वाद्यो (१९०४–९५) याच्यामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचे वास्तव्य मुंबईत होते.

महाराष्ट्रातील विचारमंथन : महाराष्ट्रात मात्र कामवासनेचा प्रश्न प्रथम उपचारकक्षात नव्हे, तर समाजसुधारणेच्या क्षेत्रात उभा राहिला. रघुनाथ धोंडो कर्वे (१४ जानेवारी १८८२–१४ ऑक्टोबर १९५३) यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यामुळे त्यांना १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकाचे पद सोडावे लागले. जुलै १९२७ पासून त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक चालविले. ते त्यांच्या निधनापर्यंत निघत होते. आधुनिक कामशास्त्र हा त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास ना. सी. फडके यांनीही भारतातील लैंगिक समस्येवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला (१९२७) व त्यास मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना लाभली.

कामवासना ही भूक-तहानेसारखीच नैसर्गिक गरज असून ती स्त्रीपुरुषांत समान असते, हे कर्वे यांच्या लेखनाचे सूत्र होते. या भूमिकेमागील हेतू सामाजिक होता. जी गोष्ट भुकेसारखी आहे, तिच्याबद्दल कोणाला पापी ठरविता येणार नाही, असा त्यातून निष्कर्ष निघतो. वासनेला केवळ अधःपतनाचे कारण मानणाऱ्या व विधवांना आजन्म दमन करावयास लावणाऱ्या समाजात हा युक्तिवाद अत्यंत आवश्यक होता. वात्स्यायनाच्या आहारविषयक सूत्राशी असलेले त्याचे साम्यही उघड आहे.

या विचारांची किंमत कर्वे यांना न्यायालयात मोजावी लागली. १९३१ मध्ये व्यभिचारविषयक लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला झाला; हस्तमैथुन व समलिंगी आकर्षण हे त्यांतील विषय होते. या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्वे यांची बाजू मांडली. लैंगिक विषयांवरील लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही व अशा प्रश्नांचे निरसन ज्ञानानेच होऊ शकते, हा बचावाचा गाभा होता. एलिसच्या संशोधनाचाही त्यात आधार घेण्यात आला. तथापि निकाल विरुद्ध जाऊन कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला.

भुकेची उपमा ही येथे ढालीसारखी उपयोगी पडली. पण तिच्या मर्यादाही याच खटल्यात दिसून येतात. वाचकांनी विचारलेले प्रश्न प्रामुख्याने अशा सुखांविषयी होते, की ज्यांचा प्रजोत्पादनाशी संबंध नव्हता. वासनेला जर भुकेप्रमाणे निसर्गाने ठरवून दिलेला विषय असेल, तर ही सुखे अनैसर्गिक ठरतात. वासनेचा विषय आरंभी निश्चित नसतो, ती गरजेला टेकून जन्मते व गरजेपासून सुटते, असे मानल्यास मात्र ‘नैसर्गिक’ व ‘अनैसर्गिक’ हा भेदच डळमळीत होतो. अवलंबनाच्या कल्पनेचे ऐतिहासिक महत्त्व येथे आहे. भुकेची उपमा वासनेला दोषमुक्त करते. अवलंबनाची कल्पना तिच्या वैविध्याचे कारण सांगते.

आक्षेप व उत्तरकालीन विचार : अवलंबनाच्या उपपत्तीवर अनेक आक्षेप घेण्यात आले. रेने स्पिट्झ (१८८७–१९७४) याने १९४६ मध्ये, मातेपासून दीर्घकाळ दुरावलेल्या अर्भकांत दिसणाऱ्या खिन्नतेला अवलंबनजन्य अवसाद असे नाव दिले. अन्न व निगा मिळूनही ही मुले रोडावत, असे त्याला आढळले. १९५८ मध्ये हॅरी हार्लो याने माकडांच्या पिलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. दूध देणाऱ्या तारेच्या मातृप्रतिमेपेक्षा मऊ कापडाच्या प्रतिमेला पिले अधिक काळ बिलगून राहत. त्याच वर्षी जॉन बोल्बी (१९०७–९०) याने मातेविषयीची ओढ ही भुकेपासून उद्‌भवलेली दुय्यम प्रेरणा नसून एक स्वतंत्र जन्मजात प्रवृत्ती आहे, असे मत मांडले. स्वनातीत ध्वनींच्या साहाय्याने गर्भाचे निरीक्षण शक्य झाल्यावर, जन्मापूर्वीही गर्भ अंगठा चोखतो असे दिसून आले. त्यामुळे आधी पोषण व मग चोखण्याचे सुख, हा क्रमही शंकास्पद ठरला. प्रेम व आसक्ती यांचा उगम भुकेत शोधता येत नाही, हे या संशोधनाने बहुतांशी मान्य झाले आहे. मात्र आसक्ती आणि कामवासना या एकच नव्हेत. म्हणून दुसरीचा प्रश्न त्याने पूर्णतः सुटत नाही.

सर्वांत मूलगामी आक्षेप लाप्लांशने घेतला. ज्या कल्पनेचे त्याने पुनरुज्जीवन केले होते, तीच त्याला पुढे अपुरी वाटू लागली. केवळ गरजेतून वासना कशी उगवेल, असा त्याचा प्रश्न होता. १९८७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार मुलाची निगा राखणाऱ्या प्रौढाला स्वतःचे अबोध मन असते. जोजवणे, पाजणे, न्हाऊ घालणे या क्रियांतून त्या प्रौढालाही न कळणारे गूढ संदेश मुलापर्यंत पोहोचतात. मूल त्यांचा अर्थ लावू पाहते. जे उलगडत नाही, ते त्याच्या अबोधाचे व वासनेचे मूळ ठरते. या मतानुसार वासनेचा उगम मुलाच्या देहात एकट्याने होत नाही. तो मूल व प्रौढ यांच्या विषम संबंधात होतो.

महत्त्वमापन : या चर्चेला शास्त्रीय महत्त्वाबरोबरच नैतिक महत्त्वही आहे. बालकाला सुखसंवेदना असते, या फ्रॉइडच्या निष्कर्षाचा विपर्यास करून बालकावर प्रौढाचा हेतू लादण्याचे प्रकार घडले. फ्रॉइडचा सहकारी शांदोर फेरेंत्सी (१८७३–१९३३) याने १९३२ मध्येच बजावले होते, की मूल जिव्हाळ्याच्या भाषेत बोलते व प्रौढ त्यात आपल्या वासनेची भाषा ऐकतो. जबाबदारी सर्वस्वी प्रौढाची आहे, हे तत्त्व भारतीय कायद्याने २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमात स्वीकारले असून अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती तेथे ग्राह्य मानली जात नाही. दुसऱ्या बाजूस, प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारा भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ चा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरविला. १९३४ साली समाजस्वास्थ्या च्या वाचकांनी जो प्रश्न विचारला व ज्याचे उत्तर दिल्याबद्दल कर्वे यांना दंड भरावा लागला, त्याला कायद्याने उत्तर देण्यास चौऱ्याऐंशी वर्षे लागली.

अवलंबनाची उपपत्ती तिच्या मूळ स्वरूपात आज सर्वमान्य नाही. वासनेच्या घडणीत अंतःस्रावी ग्रंथी, मेंदू, संगोपन व संस्कृती या सर्वांचा वाटा असतो, असे मानले जाते. तथापि वासनेला निव्वळ देहधर्म किंवा निव्वळ मनोविकार यांपैकी काहीही न मानता, एकातून दुसरे कसे निपजते याचा शोध घेणारी दृष्टी या संकल्पनेने दिली. काम हा आहारासारखा आहे आणि काम हा मनसिज आहे, ही प्राचीन भारतीय विचारातील दोन विधाने परस्परविरोधी न राहता एकाच विकासक्रमाचे दोन टप्पे कसे असू शकतात, हे या संकल्पनेच्या साहाय्याने समजून घेता येते.